कासवांची मोजदाद : ओरिनोकोपासून भीमेपर्यंत



ज्या बार्शी गावची भोगावती वर्षातील बहुतेक महिने पाण्यापेक्षा आपल्या पात्रातील दगडगोटेच अधिक दाखविते, त्या गावी दक्षिण अमेरिकेतील महानद्यांमधल्या कासवांवर व्याख्यान देण्यास उभे राहणे यात थोडासा अगोचरपणा आहे, याची जाणीव मला विषय कळवितानाच झाली होती. व्याख्यानमालेच्या चालकांनी तो निमूटपणे मान्य केला यात त्यांचे सौजन्य आहेच. परंतु ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही माला चालते त्यांच्या शिक्षकी पेशाचा संस्कारही त्यात असावा, कारण विद्यार्थ्याला जवळचे नीट दिसावे म्हणून आधी दूरचे दाखविण्याची युक्ती प्रत्येक चांगल्या शिक्षकाला अवगत असते. तेव्हा आज प्रथम मी तुम्हाला बरेच दूर नेणार आहे. परतीची वाट मात्र मुंबईतील वरळीच्या टेकडीवरून आणि चंद्रपूर जिल्ह्यातील एका खेड्यावरून येते आणि आपल्या सीना-भीमेच्या काठी येऊन थांबते.

१८०० सालच्या एप्रिल महिन्यात अलेक्झांडर फोन हंबोल्ट हा प्रशियन निसर्गशास्त्रज्ञ आपला फ्रेंच सहकारी एमे बाँप्लां याच्यासह ओरिनोको नदीतून होडीने वर जात असता ऊरुआना नावाच्या मिशनजवळील नदीकाठच्या वाळवंटात उतरला, तेव्हा तेथे मोठी जत्रा भरावी इतकी माणसे जमलेली त्याला आढळली. निरनिराळ्या टोळ्यांचे आदिवासी अंगाला रंग माखून आले होते, मिशनचे पाद्री होते, आणि खाली अंगोस्तुरा बंदराहून आलेले व्यापारीही होते. हा सारा समुदाय कासवांच्या अंड्यांसाठी लोटला होता. ओरिनोकोचे पाणी वर्षातून ज्या काळी सर्वांत खाली जाते आणि मैल मैल लांबीची वाळू उघडी पडते, त्या काळी हजारो माद्या रात्रीच्या वेळी काठावर चढून वाळूत खळगे करतात, अंडी घालतात, खळगे बुजवतात आणि पाण्यात परत जातात. एके ठिकाणी इतक्या माद्या अंडी घालतात की वाळूखाली अंड्यांचा सलग थरच तयार होतो. हा थर कोठवर पसरला आहे हे पाहण्यासाठी लांब काठी वाळूत उभी खुपसावयाची. काठीला होणारा विरोध एकाएकी नाहीसा झाला म्हणजे अंडी लागली असे समजावयाचे. अशी पाहणी झाल्यावर त्या वाळूची रीतसर वाटणी होऊन टोळीटोळीला आपापला तुकडा नेमून दिला जाई, आणि मग उकरणे सुरू होई. काढलेली अंडी पाणी भरलेल्या लाकडी डोण्यांत टाकून फोडीत, फळ्यांनी ढवळीत, उन्हात ठेवीत, आणि वर तरंगून आलेले पिवळे स्निग्ध द्रव्य काढून मोठ्या आचेवर कढवीत. हे तेल दिव्यात जळे, स्वयंपाकात पडे आणि घड्यांत भरून दूरवर विकले जाई.

हंबोल्टची त्या ठिकाणची आकडेमोड आजही वाचण्यासारखी आहे. कासवे त्याने मोजली नाहीत, कारण ती मोजणे शक्यच नव्हते. त्याने मोजले ते तेलाचे घडे. तीन मुख्य वाळवंटांवरून दरसाल ५,००० घडे तेल निघते, हा व्यापारी व मिशनरी यांचा हिशेब. एका घड्याला सुमारे ५,००० अंडी लागतात, हा अंडी फोडणाऱ्यांचा अनुभव. एक मादी शंभर ते एकशे सोळा अंडी घालते आणि त्यांतली बरीच वाळूतच फुटून वाया जातात, हे काठावरच्यांचे सांगणे. या सर्वांचा गुणाकार-भागाकार करून तो ३ कोटी ३० लाख अंडी आणि ती घालणाऱ्या ३ लाख ३० हजार माद्या या संख्येपर्यंत येऊन पोहोचला. म्हणजे ज्या व्यापारी जमाखर्चाखाली या प्राण्याचा संहार चालला होता, त्याच जमाखर्चाने त्याची पहिली शास्त्रीय गणना पुरविली! त्याच ठिकाणी हंबोल्टने आणखी एक गोष्ट टिपून ठेवली आहे, आणि ती मला त्या मोठ्या आकड्यांहूनही अधिक मोलाची वाटते. पूर्वी जेझुइट पाद्र्यांचा अंमल होता तेव्हा ते वाळवंटाचा काही भाग न उकरता राखून ठेवीत. त्यांच्यामागून आलेल्या फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी हा बंदोबस्त सोडून दिला, सारे वाळवंट खणू दिले, आणि उत्पन्न वर्षानुवर्षे घटत चालल्याची तक्रार तेथील लोकच करू लागले होते. गायरान राखावे कसे आणि बुडवावे कसे, हे ज्या मुलखातल्या गावकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्या मुलखात या गोष्टीवर भाष्य करण्याची गरज नाही.

पुढे अर्धशतकाने ॲमेझॉनच्या वरच्या भागात एगा या गावी वर्षानुवर्षे राहिलेल्या हेन्री वॉल्टर बेट्स याने १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हाच हिशेब त्या नदीपुरता मांडला. दरसाल ६,००० घडे तेल खाली पारा बंदराकडे रवाना होते, आणखी २,००० घडे जागच्या जागी खपतात, एका घड्याला त्या उधळ्या पद्धतीने ६,००० अंडी लागतात, म्हणून वर्षाला ४ कोटी ८० लाख अंडी नष्ट होतात, असा त्याचा निष्कर्ष होता. हंबोल्ट आणि बेट्स हे दोघेही कोणी वनसंरक्षक नव्हते, दोघांनीही कासवाचे मांस व अंडी खाल्ली होती. परंतु आकडा मांडून ठेवण्याची सवय दोघांच्या हाडीमाशी खिळली होती, आणि त्यामुळेच आज दोनशे वर्षांनी या नद्यांत काय होते आणि काय उरले याची तुलना कोणालाही करता येते.

आता प्रत्यक्ष त्या प्राण्याकडे वळू. ओरिनोकोकाठी ‘आराऊ’ आणि ब्राझीलमध्ये ‘तार्तारुगा’ या नावाने ओळखले जाणारे हे कासव शास्त्रात पोडोक्नेमिस एक्स्पान्सा म्हणून नोंदलेले आहे. त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन श्वायगर या जर्मन पंडिताने १८१२ साली केले, आणि गंमत अशी की आपल्या दक्षिण हिंदुस्थानातील तळ्या-डबक्यांत राहणाऱ्या काळपट, पाठीवर तीन कणे असलेल्या कासवाचे पहिले वर्णनही त्याच ग्रंथात त्याच हाताने झाले आहे. मोठी मादी पाऊण मीटरहून लांब आणि पन्नास-साठ किलो वजनाची असते. नर तिच्या मानाने अगदीच लहान. परंतु आकारापेक्षा लक्षणीय गोष्ट तिच्या मानेची आहे. आपल्याकडील यच्चयावत गोड्या पाण्यातील कासवे मान आत ओढताना ती उभी, नागमोडी वळवून सरळ कवचाच्या आत घेतात. ओरिनोकोचे हे कासव मात्र मान आडवी, एका बाजूला वळवून कवचाच्या कडेखाली लपविते. कासवांच्या साऱ्या वंशाचे मूळचे दोन तट या एका सवयीवरून पडलेले आहेत. बाजूला मान वळविणाऱ्यांचा तट आज फक्त दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर आणि ऑस्ट्रेलिया-न्यूगिनीकडे सापडतो. हिंदुस्थानात आज त्यांच्यातले एकही जिवंत नाही.

आज नाही, असे मी म्हटले. पूर्वी होते, आणि ते होते याचा पहिला पुरावा महाराष्ट्राच्याच भूमीने दिला. तुम्ही-आम्ही ज्या काळ्या जमिनीत शाळू पिकवितो, ती जमीन सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या प्रदेशावर एकापाठोपाठ एक पसरत गेलेल्या लाव्ह्याच्या थरांची झीज होऊन बनलेली आहे, आणि बालाघाटाचे डोंगर ही त्याच थरांची उरलेली चवड आहे. एक थर निवाल्यानंतर दुसरा येईपर्यंत कधी कधी हजारो वर्षांची उसंत मिळे. त्या अवधीत खळग्यांत पाणी साठून तळी होत, त्यांत शिंपले, मासे, बेडूक, कासवे नांदत, आणि मग पुढचा लाव्हा येऊन त्या साऱ्या संसारावर झाकण बसवी. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशा एका तळ्याचा गाळ आहे. त्यातील चिमुकल्या बेडकांचे वर्णन लंडनला रिचर्ड ओवेनने १८४७ साली केले. त्याच गाळात सापडलेल्या एका कासवाचे वर्णन हेन्री जॉन कार्टर या मुंबईच्या सरकारी सर्जनाने, बेटाच्या भूरचनेवर लिहिताना, १८५२ साली केले आणि आपला व्यवसायबंधू डॉक्टर लीथ याचे नाव त्याला दिले.

कार्टरने ते टेस्टुडो या प्रजातीत नोंदविले होते. १८७१ साली ब्रिटिश म्युझियममधील जॉन एडवर्ड ग्रे याने ते पुन्हा तपासले आणि जाहीर केले की हे तर दक्षिण अमेरिकेच्या नद्यांत आजही राहणाऱ्या, बाजूला मान वळविणाऱ्या एका वंशातले आहे. हे विधान त्या काळी किती विलक्षण वाटले असेल याची कल्पना करा. खंडे एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकतात असे बोलणाऱ्याला त्या वेळी विद्वानांच्या सभेत कोणी बसूही दिले नसते. ग्रेचा वंश चुकला होता, पण तट चुकला नव्हता. १९५३ साली अर्नेस्ट विल्यम्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की वरळीचे कासव ग्रेने सांगितलेल्या कुळातले नसून ज्या कुळात त्या वेळी ओरिनोकोच्या आराऊची गणना होत असे त्या कुळातले आहे, आणि कार्टरच्या स्मरणार्थ त्याने त्या प्रजातीला कार्टरेमिस हे नाव दिले. वरळीच्या नाक्यावरून आज लक्षावधी माणसे रोज ये-जा करतात, त्यांतल्या कितीजणांना आपल्या पायाखाली आराऊचे भाऊबंद झोपले आहेत याची वार्ता असेल, हा प्रश्न मी विचारीत नाही. मुंबईकरांना झोपेचा विषय काढलेला आवडत नाही.

वरळीच्या पाठोपाठ पुरावे वाढत गेले. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा नावाचे खेडे आहे. तेथील लाव्ह्याच्या खालच्या गाळात अजस्र सरडवर्गीयांची हाडे व त्यांची अश्मीभूत विष्ठा विपुल मिळते. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील सोहनलाल जैन यांनी १९७७ साली तेथील एका कासवाचे वर्णन करून त्याला पिसदुऱ्याचेच नाव दिले, मात्र त्याला एका ब्रह्मदेशी प्रजातीत घातले. २०२० साली वॉल्टर जॉइस आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी हे सारे अवशेष फिरून तपासले, ते ब्रह्मदेशी प्रजातीतून बाहेर काढले आणि जैनांच्या गौरवार्थ जैनेमिस ही नवी प्रजाती स्थापिली. मुंबईच्याच गाळातील एका कवटीवरून २००३ साली सेठना या भूशास्त्रज्ञांचे नाव धारण करणारे आणखी एक कासव उजेडात आले. ही पिसदुऱ्याची व मुंबईची मंडळी आराऊच्या थेट पूर्वजांपैकी नव्हेत. ती त्या घराण्याची चुलतशाखा, आणि तिचे निकटचे आप्त मादागास्करमधील खडकांत सापडतात. हिंदुस्थान व मादागास्कर हे दोघे एकत्र असताना आणि नंतर हिंदुस्थान वेगळा होऊन उत्तरेकडे निघाल्यावरही ही कासवे त्या भूखंडावर होती. पुढे तो भूखंड आशियाला येऊन भिडला, आणि येथे ते घराणे निर्वंश झाले. दक्षिण अमेरिकेत त्याच गोत्राची भरभराट होऊन सुमारे अडीच मीटर कवचाचे स्टुपेंडेमिस हे अजस्र कासव निपजले. आपल्याकडे त्यांच्या जागी आज नद्यांत नांदतात ती उभी मान ओढणारी.

आणि येथे तो लीथ पुन्हा भेटतो. हा डॉक्टर अँड्र्यू लीथ मुंबई सरकारच्या नोकरीत होता, शहराच्या आरोग्यावर त्याने लिहिलेला अहवाल इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे, आणि साप-कासवे गोळा करून विलायतेस पाठविण्याचा त्याला नाद होता. पुण्याहून मिळालेल्या एका मऊ पाठीच्या मोठ्या कासवाचे वर्णन त्याच ग्रे याने १८७२ साली केले आणि त्यालाही लीथचेच नाव दिले. पुण्याची मुळा-मुठा भीमेला मिळते, हे सांगावयास नकोच; म्हणजे शास्त्राच्या दप्तरात या कासवाचे जन्मगाव म्हणून जी नोंद आहे ती भीमेच्या खोऱ्यातली आहे. (लीथच्या नावाची आणखी एक मौज आहे. १८६९ साली गुंथर याने एका जिवंत कासवालाही टेस्टुडो लीथी हेच नाव दिले. परंतु ते कार्टरने सतरा वर्षे आधी वरळीच्या अश्मीभूत कासवाच्या नावे लावून टाकलेले निघाले, म्हणून तलाठ्याच्या फेरफारात होते त्याप्रमाणे नंतरची नोंद रद्द झाली, आणि इजिप्तकडचे ते बिचारे कासव आज दुसऱ्याच्या नावाने ओळखले जाते.) भीमेच्या या कासवाच्या पाठीवर खवले नसतात, मोटेच्या चामड्यासारखी मऊ, चिवट कातडी हाडांवर ताणलेली असते, नाक पुढे नळीसारखे निघालेले असते, आणि पूर्ण वाढ झालेल्या प्राण्याची पाठ दोन फुटांपर्यंत जाते. गोदावरी, भीमा, कृष्णा या द्वीपकल्पीय नद्यांचा हा रहिवासी दुसऱ्या कोणत्याही देशात सापडत नाही. २०२२ सालच्या नोव्हेंबरात पनामा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार परिषदेत हिंदुस्थान सरकारच्या प्रस्तावावरून या कासवाच्या व्यापारावर सर्वांत कडक वर्गातील बंदी घालण्यात आली.

या भूमीतील कासवांविषयी आपल्याला पूज्यबुद्धी नाही असे कोणी म्हणणार नाही. भगवंताच्या या गावी कूर्मावताराची कथा मी सांगू गेलो तर ते धारिष्टच ठरेल. आणि सभामंडपातील दगडी कासवाला हात लावून मगच आपण गाभाऱ्याकडे वळतो. परंतु दगडी कासवाला नमस्कार करणाऱ्या गावात जिवंत कासवांच्या नोंदीची वही नाही, ही वस्तुस्थिती आहे. भीमेच्या कासवाला नाव मिळून दीडशे वर्षे लोटली. नाव देणे हे एका विद्वानाचे, एका संग्रहालयातल्या एका टेबलावरचे काम. मोजणे हे नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे काम, आणि ते राहून गेले. माझे आजचे सांगणे एवढेच आहे, आणि ते का महत्त्वाचे आहे हे पटावे म्हणून मी पुन्हा एकदा तुम्हाला दक्षिण अमेरिकेत नेतो.

तेथे हंबोल्टच्या आकड्यामागून गणना होत राहिल्या. व्हेनेझुएलातील ओरिनोकोच्या वाळवंटांवर १९४५ च्या सुमारास अंडी घालणाऱ्या माद्या सव्वा लाखाच्या घरात होत्या. वीस वर्षांत त्या चौदा हजारांच्या आसपास आल्या. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवता आले म्हणून घसरण उघडी पडली. ब्राझीलने १९७९ साली नदीकासवांसाठी स्वतंत्र सरकारी योजना सुरू केली, आणि वाळवंटांवर पहारे बसले. आता हे शास्त्र इतके सूक्ष्म झाले आहे की त्याची दोन-तीन उदाहरणे दिल्यावाचून मला राहवत नाही.

कोलंबियातील काकेता नदीच्या वाळूत निकोल व्हालेन्झुएला या संशोधिकेने अंड्यांच्या खळग्यांतील उष्णता मोजली. आराऊच्या पिलाचे लिंग बीजात ठरत नाही; ज्या वाळूत अंडे उबते तिच्या उष्णतेवर ते ठरते, वाळू तापली तर माद्या, थंड राहिली तर नर. म्हणजे वाळवंटाची उंची, वाळूचा रंग व जाडी, त्या वर्षीचे ऊन आणि नदीच्या उताराची वेळ या सर्वांच्या हाती पुढील पिढीतील वधूवरांचे प्रमाण आहे. या उलट आपल्या मऊ पाठीच्या कुळात ज्या जाती तपासल्या गेल्या त्यांच्यात लिंग आनुवंशिक बीजानेच ठरते. म्हणून अमेरिकेतील सिद्धान्त भीमेवर जसाच्या तसा लागू करणे धोक्याचे आहे, आणि येथली वही येथेच लिहिली पाहिजे ती यासाठीही.

दुसरे उदाहरण अधिक विस्मयकारक आहे. कासव हा मुका, आणि जवळजवळ बहिराही, प्राणी आहे असे पाठ्यपुस्तके पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली. ब्राझीलमधील त्रोम्बेतास नदीवर कामिला फेरारा, रिचर्ड व्होग्ट आणि रेनाता सूझा-लिमा यांनी पाण्याखाली ध्वनिग्राहक यंत्रे सोडून वर्षानुवर्षे कान दिला, तेव्हा आराऊ आपसांत बोलतात असे दिसून आले. त्यांच्या ध्वनींचे सहा प्रकार नोंदविण्यात आले. पिले अंड्यात असतानाच आवाज काढू लागतात. अंडी घालून झाल्यावर माद्या तत्काळ निघून न जाता वाळवंटासमोरच्या पाण्यात थांबतात. पिले बाहेर पडून पाण्यात उतरली म्हणजे दोघांचेही आवाज ऐकू येतात, आणि मग लहानमोठी मिळून पुराच्या पाण्याने भरलेल्या अरण्याकडे प्रवासास निघतात. २०१३ साली हा शोध प्रसिद्ध झाला तेव्हा त्याला कासवांमधील मातृवात्सल्याचा पहिला पुरावा म्हणून गौरविण्यात आले. वात्सल्य हा मोठा शब्द आहे, आणि मी तो येथे जरा हात राखूनच वापरतो. एकाच वेळी एकाच वाटेने जाणाऱ्या वारकऱ्यांत मायलेकरे कोण हे दुरून सांगता येत नाही. परंतु ध्वनी आहेत, याविषयी आता संशय राहिलेला नाही. झुरिकच्या गाब्रिएल जॉर्गेविच-कोहेन यांनी २०२२ साली मुकी समजली जाणारी ५३ जातींची प्राणिमंडळी तपासली, त्यांत ५० कासवे होती. त्यांतली प्रत्येक जात आवाज काढते असे निघाले. भीमेचे कासव काय म्हणते हे ऐकण्यासाठी कोणी यंत्र पाण्यात सोडले, तर ते यंत्र काही फार महाग नाही.

तिसरे उदाहरण मोजदादीचेच आहे, आणि ते मला सर्वांत प्रिय आहे, कारण त्यात शास्त्रज्ञांनी आपल्याच डोळ्यांवर अविश्वास दाखविला. ब्राझील व बोलिव्हिया यांच्या सीमेवरील ग्वापोरे नदीच्या वाळवंटावर आराऊंचा आजचा सर्वांत मोठा ज्ञात मेळा भरतो. संशोधकांनी १,१८७ माद्यांच्या पाठीवर पांढऱ्या रंगाची खूण केली आणि बारा दिवस, दिवसातून चार वेळा, वरून ड्रोन फिरवून छायाचित्रे घेतली. जमिनीवरून मोजणाऱ्यांना १६ हजार कासवे दिसली. छायाचित्रे जोडून सरळ मोजली तर ती ७९ हजार भरली. खूण केलेल्या कासवांपैकी किती पुन्हा दिसली, किती दोनदा मोजली गेली आणि किती त्या वेळी पाण्यातच होती, याचा हिशेब लावल्यावर खरा आकडा ४१ हजारांच्या आसपास निघाला. २०२५ साली हे काम प्रसिद्ध झाले. १६ हजार आणि ७९ हजार, दोन्ही आकडे प्रामाणिक माणसांनी काढलेले होते; खूण केली नसती तर त्यांतला कोणता तरी एक सरकारी अहवालात कायमचा बसला असता.

राखण करणे आणि खूण करणे ही कामे आपल्या माणसांना जमत नाहीत असेही नाही. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील वेळास या गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या मदतीने समुद्रकासवांच्या घरट्यांचे रक्षण आरंभिले, आणि ज्या गावात अंडी खणून विकली जात त्या गावात आज पिले समुद्रात जाताना पाहण्यासाठी लोक मुक्कामाला येतात. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ च्या मार्चात ०३२३३ या क्रमांकाची पट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्याची कासवे वेगळी व पश्चिम किनाऱ्याची वेगळी, ही कल्पना त्या एका पट्टीने हलवून टाकली. त्या पट्टीची किंमत काय असेल, याचा विचार करा.

आता आपल्या काठाचा विचार. भोगावती सीनेला मिळते आणि सीना हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते, जेथे शके ९४० चा मराठी शिलालेख आहे. एक हजार वर्षांपूर्वीची नोंद त्या संगमावर दगडात टिकली आहे, आणि पाण्यातल्या प्राण्याची मागच्या वर्षीची नोंद नाही! भीमेवर १९८० मध्ये उजनीचे धरण पुरे झाले. वरच्या अंगास तळे झाले आणि खालच्या अंगास नदीचे पाणी पावसाऐवजी आवर्तनांच्या वेळापत्रकाने चढू-उतरू लागले. काठच्या वाळूचा उपसा किती चालतो हे या सभेत कोणाला सांगावयास नको; त्याविषयी माझ्यापेक्षा तुमच्यातील काहीजण अधिक तपशिलाने बोलू शकतील, आणि ते येथे बोलणार नाहीत हेही मला ठाऊक आहे. ज्या प्राण्याची वीण काठच्या वाळू-मातीत होते, त्याला या दोन्ही गोष्टींचा जाच किती, याचे उत्तर वहीखेरीज कोठून मिळावयाचे?

त्या वहीचे रकाने फार नाहीत. तारीख, ठिकाण, कासव जाळ्यात आले की गळाला की मेलेले आढळले, पाठीची सरळ लांबी, वजन, नर की मादी, छायाचित्र, आणि सोडले कोठे. खूण करण्याचा प्रश्न थोडा अवघड आहे. टणक पाठीच्या कासवांच्या कडेच्या खवल्यांना ठरावीक जागी खाचा पाडून क्रमांक देण्याची सोपी पद्धत फ्रेड केगल या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९३९ सालीच घालून दिली. आपल्या मऊ पाठीच्या कासवाला खवलेच नसल्यामुळे ती येथे चालत नाही, कातडीखाली तांदळाएवढी क्रमांकाची कुपी बसवावी लागते. त्यासाठी वन खात्याची परवानगी हवी आणि प्रशिक्षित हात हवा. येथल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी ते अंगावर घ्यावे. लांबी, ठिकाण आणि तारीख लिहिण्याला मात्र कुपी लागत नाही. उजनीच्या आणि भीमेच्या काठचे कोळी व भोई यांना कासव कोणत्या डोहात असते हे आपल्या सर्वांपेक्षा चांगले माहीत आहे. जाळ्यात अडकलेले कासव जाळे फाडते म्हणून त्यांचा त्यावर रागही असतो, आणि तो राग समजून घेऊन त्यांच्याशी बोलले पाहिजे, त्यांना उपदेश करून भागावयाचे नाही. फाटलेल्या जाळ्याची भरपाई नोंदीबरोबर द्यावी, असे मी सुचवीन. 

पहिल्या वर्षी दहा नोंदी झाल्या तरी त्या पुष्कळ होतील. नदीकासवाला वयात येण्यास वर्षे लागतात, त्याचे आयुष्य दशकांत मोजावे लागते, म्हणून ही वही एका संशोधकाच्या प्रबंधापुरती ठेवून भागणार नाही; ती संस्थेच्या नावाने असावी आणि एका हातातून दुसऱ्या हातात रीतसर कबुलीनिशी जावी, जशी ग्रामदप्तरे जात असत. तूर्त तिच्यासाठी जाड बांधणीची एक खतावणी, पाण्याने न विरघळणारी शाई, एक मोजपट्टी, एक ताणकाटा आणि दोन-चार जाळ्यांची भरपाई एवढाच खर्च आहे. चालकांची हरकत नसेल तर तो या व्याख्यानाच्या मानधनातून भागवावा, आणि काही शिल्लक राहिल्यास ती त्या वहीच्या पहिल्या पानावर जमा धरावी, अशी माझी विनंती आहे.